उपकाराची वेठ

परवा विहारातल्या अभ्यासवर्गात वाद पेटला. एक दोस्त, चांगला वाचणारा पोरगा, उभा राहिला आणि म्हणाला, 'काही म्हणा, उजवं सरकार आणि उदारमतवादी सरकार यात फरक आहे. उजवा शेजाऱ्याच्या घरात घुसतो तो लुटायला. उदारमतवादी घुसला तरी त्याच्या मनात काहीतरी चांगलं असतं. शाळा बांधतो, दवाखाना काढतो, निवडणूक घेतो.' चारदोन माना हलल्या. माझ्याच्यानं गप्प बसवेना. मी म्हणालो, 'दोस्ता, घुसणाऱ्याच्या मनात काय आहे ते तू बघतोस. ज्याच्या घरात घुसलाय त्याला विचारलंस का?'

तेवढ्यात वेळ संपली. चहाचे ग्लास गोळा झाले, सतरंज्या गुंडाळल्या, वाद अर्धवट राहिला. उरलेला इथं लिहितोय. आणि हवेत बोलायचं नाही म्हणून एकच देश घेतो. हैती.

हैती म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेला, क्युबाच्या शेजारचा, अर्ध्या बेटाचा देश. उरलेल्या अर्ध्यात डॉमिनिकन रिपब्लिक. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून जहाजं भरभरून माणसं आणली आणि उसाला जुंपली. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ही माणसं उठली. मळे पेटवले. तुसाँ लुव्हर्त्युर हा गुलामीत जन्मलेला माणूस त्यांचा सेनापती झाला. तुसाँला फ्रेंचांनी दगा देऊन पकडून नेलं, तो त्यांच्या कैदेत मेला, तरी नेपोलियनची फौज हरलीच. १ जानेवारी १८०४ ला देसालिननं स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी स्वतः लढून उभं केलेलं हे राष्ट्र. आपल्या शाळेच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती होती, स्वातंत्र्य-समता-बंधुता होती. ते तीन शब्द ज्यांनी खरे मानले आणि मालकाच्या थोबाडावर फेकले, त्या काळ्यांचं नाव कुठंच नव्हतं.

याची शिक्षा झाली. १८२५ साली फ्रान्सच्या राजानं लढाऊ जहाजं पाठवली आणि सांगितलं, तुमचं स्वातंत्र्य मान्य करतो, पण आमच्या मळेवाल्यांचं नुकसान भरून द्या. १५ कोटी फ्रँक. पुढं १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली. नुकसान कशाचं? जमिनीचं, आणि त्या जमिनीवर जुंपलेल्या माणसांचं. म्हणजे ज्याची पाठ सोलली त्यानंच चाबकाची किंमत भरायची. ते भरायला कर्ज, कर्जाला व्याज, व्याजाला पुन्हा कर्ज. शेवटचा हप्ता फिटला १९४७ साली, तोही तोवर अमेरिकेच्या बँकेकडं गेलेल्या कर्जाचा. आणि स्वातंत्र्याचं जन्मस्थान म्हणवणाऱ्या अमेरिकेनं शेजारच्या या देशाला देश मानायला १८६२ साल उजाडू दिलं.

आता उदारमतवाद्याकडं येऊ.

१९१३ साली वुड्रो विल्सन अमेरिकेचा अध्यक्ष झाला. प्रोफेसर माणूस. विद्यापीठाचा माजी अध्यक्ष. जगातल्या उदारमतवाद्यांनी याच्या तसबिरीला हार घातले, कारण राष्ट्रसंघाची कल्पना याची, चौदा कलमं याची, लहान राष्ट्रांच्या हक्कांची भाषणं याची. याच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबलं वेगळी झाली, संडास वेगळे झाले, जेवायच्या जागा वेगळ्या झाल्या. दोस्तांनो, वेगळा पाणवठा म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

डिसेंबर १९१४. विल्सनचे नौसैनिक हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले, हैतीच्या राष्ट्रीय बँकेत शिरले आणि पाच लाख डॉलरचं सोनं उचलून जहाजावर चढवलं. सोनं गेलं न्यूयॉर्कला, वॉल स्ट्रीटच्या तिजोरीत. भर दिवसा. कुणी याला दरोडा म्हणालं नाही. म्हणाले, सोनं सुरक्षित ठिकाणी हलवलं.

त्याच वेळी, त्याच न्यूयॉर्कात, आपला एक माणूस कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब तिथं पोचले होते. १९१५ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि तिच्या पैशाच्या व्यवहारावर. म्हणजे एक व्यापारी कंपनी परक्या देशाचा खजिना कसा हाकते, याचा हिशोब एक अस्पृश्य विद्यार्थी मांडत होता, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला गुलामांच्या पोरांचं सोनं तळघरात उतरलं होतं. मी यातून बाबासाहेबांच्या तोंडी काही घालत नाही. एवढंच म्हणतो, की सरकार बघायचं तर त्याचं भाषण बाजूला ठेवून खजिना बघायची रीत आपल्या घरातलीच आहे.

जुलै १९१५ मध्ये हैतीच्या अध्यक्षानं तुरुंगातले राजकीय कैदी कापून काढले आणि चिडलेल्या लोकांनी त्या अध्यक्षाला फाडला. २८ जुलैला अमेरिकी मरीन उतरले. कारण काय? शांतता. सुव्यवस्था. माणुसकी. कत्तल झाली होती हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण शांतता करायला आलेला पाहुणा एकोणीस वर्षं राहिला. जकातनाक्यावर त्यांचा माणूस, तिजोरीवर त्यांचा सल्लागार, पोलिसदलावर त्यांचे अधिकारी. अध्यक्ष तेवढा हैतीचा, तोही मरीनच्या पहाऱ्यात निवडून आणलेला.

आता गंमत ऐका. देसालिनच्या काळापासून हैतीच्या घटनेत एक नियम होता: गोऱ्याला इथं जमिनीचा मालक होता येणार नाही. ज्यांनी मळ्याचा मालक बघितला होता त्यांनी केलेला तो नियम. अमेरिकेला तो नको होता. नवी घटना तयार झाली. हैतीच्या विधिमंडळानं ती मानली नाही, तेव्हा १९१७ साली बंदूकवाल्यांनी विधिमंडळच बंद करून टाकलं. मग १९१८ च्या जूनमध्ये मरीनच्या देखरेखीखाली जनमत घेतलं. होकाराची मतं ९८ हजारांवर, नकाराची हजाराच्या आत. पाच टक्के जनतासुद्धा मतदानाला नव्हती. त्याच साली जानेवारीत विल्सननं जगाला चौदा कलमं वाचून दाखवली होती.

पुढं १९२० च्या प्रचारात विल्सनच्या नौदल खात्यातला एक उपमंत्री सभेत फुशारकी मारून गेला की हैतीची घटना मी स्वतः लिहिली, आणि चांगली लिहिली. त्याचं नाव फ्रँकलिन रुझवेल्ट. होय, तोच. पुढं चार वेळा निवडून आलेला, गरिबांचा कैवारी. ज्यांच्या घटनेचा शिल्पकार त्यांच्याच रक्तामांसाचा आहे त्या आपल्यासारख्यांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. परक्या देशाची घटना लिहिली असं सांगताना त्या माणसाला लाज वाटली नाही. त्याला त्यात मतं दिसली.

माझा दोस्त म्हणतो, रस्ते तर बांधले ना?

बांधले. कसे बांधले ते सांगतो. १८६४ सालचा एक जुना कायदा पडून होता, त्यात शेतकऱ्यानं रस्त्यासाठी फुकट राबायचं कलम होतं. १९१६ साली अमेरिकी अधिकाऱ्यांनी ते कलम धूळ झटकून बाहेर काढलं. गावागावातून माणसं धरली. दोरानं एकमेकांना बांधून कामावर नेली. घरापासून लांब डांबून ठेवली. पळाला त्याला गोळी. मजुरी नाही. ज्या लोकांनी गुलामी मोडून देश केला, त्यांच्या नातवा-पणतवांच्या कमरेला शंभर वर्षांनी परत दोर. आणि या दोराचं नाव प्रगती.

आपल्याकडं याला वेठ म्हणतात. माझ्या आज्यानं ती केलीय. येसकराची काठी घेऊन दारोदार फिरायचं, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात कोसभर पळायचं, साहेब आला की घोड्यापुढं धावायचं, लाकडं फोडायची. त्याबद्दल भाकरतुकडा. गावकी म्हणायची, अरे हे तुमचं वतन, मान आहे तुमचा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं, आणि ते वतन शेवटी कायद्यानं गेलं १९५८ मध्ये, बाबासाहेब गेल्यावर. वेठ घेणारा कधीच म्हणत नाही मी तुला लुटतोय. तो म्हणतो, हे गावाच्या भल्याचं काम आहे. हैतीतला रस्ता गावाच्या भल्याचाच होता. फक्त त्यावरून आधी फौजेच्या मोटारी डोंगरात जाणार होत्या.

डोंगरात कोण होतं? शार्लमाञ् पेराल्त. हैतीच्या फौजेतला माजी अधिकारी. त्याला पकडून सक्तमजुरीची शिक्षा दिली आणि भर शहरात रस्ता झाडायला लावला. माणसाच्या हातात झाडू कशासाठी देतात हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. १९१८ साली पेराल्त पळाला, आणि वेठीला विटलेले हजारो शेतकरी त्याच्यामागं गेले. अमेरिकेनं त्याच साली वेठ बंद केल्याचं जाहीर केलं, पण आता उशीर झाला होता. १९१९ च्या ऑक्टोबरअखेर दोन मरीन तोंडाला काळं फासून, हैतीचे शिपाई असल्याचं सोंग घेऊन त्याच्या तळात घुसले आणि त्याला गोळ्या घातल्या. प्रेत दाराच्या फळीला बांधून उभं केलं, फोटो काढला, आणि त्या फोटोच्या प्रती देशभर वाटल्या. बघा, मेला तुमचा पुढारी. पण लोकांना त्या फोटोत क्रुसावरचा येशू दिसला. गोळी घालणाऱ्याला अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं. आणि त्या १९१९ सालचं शांततेचं नोबेल कुणाला? विल्सनला.

मरीन दलाच्या प्रमुखानं स्वतः दिलेल्या हिशोबात मारलेल्या हैतीयनांचा आकडा ३ हजारांवर आहे. हा त्यांचा आकडा. ज्यांची माणसं मेली त्यांना मोजायला कागद कुणी दिला नव्हता.

हे बाहेर कुणी आणलं? गोऱ्या उदारमतवाद्यांनी पाच वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. १९२० साली जेम्स वेल्डन जॉन्सन नावाचा काळा लेखक, काळ्यांच्या हक्कांच्या संघटनेचा कार्यकर्ता, हैतीला गेला, हिंडला, आणि परत येऊन बँकेच्या नावासकट सगळं छापलं. गुलामाच्या पोराचं दुःख गुलामाच्या पोरानं मांडलं. मग विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या हार्डिंगनं निवडणुकीत त्यावर गळा काढला, मतं घेतली, निवडून आला आणि फौज तिथंच ठेवली. म्हणून उद्या कुणी म्हणेल की मी उजव्यांची बाजू घेतो, त्यानं हे वाक्य परत वाचावं. उजव्याबद्दल माझी फसगत कधी झालीच नाही. कुत्रा चावतो हे मला माहीत आहे. मला बोलायचंय ते चावून झाल्यावर मलमपट्टीचं बिल पाठवणाऱ्याबद्दल.

फौज गेली १९३४ मध्ये. तोपर्यंत रुझवेल्ट अध्यक्ष झाला होता, आणि चांगल्या शेजाऱ्याचं धोरण जाहीर झालं होतं. मरीन गेले, पण हैतीच्या तिजोरीवरचा अमेरिकी हात आणखी तेरा वर्षं, १९४७ पर्यंत हलला नाही. चांगला शेजारी घरातून गेला, किल्ली खिशात ठेवून गेला.

पुढचं साल १९६५. लिंडन जॉन्सन. याच्याइतके काळ्यांच्या हक्कांचे कायदे त्या शतकात दुसऱ्या अध्यक्षानं केले नाहीत, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ च्या ऑगस्टमधला मतदान हक्काचा कायदा. ते कायदे त्यानं दान दिले नव्हते, काळ्यांनी रस्त्यावर रक्त सांडून काढून घेतले होते, पण सही त्याची. आणि त्याच १९६५ च्या एप्रिलमध्ये त्यानं हैतीच्या शेजारी, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये फौज घातली. वीस हजारांवर सैनिक. तिथल्या लोकांनी १९६२ मध्ये हुआन बॉशला निवडून दिलं होतं, सात महिन्यांत लष्करानं त्याला हाकललं, आणि त्याला परत आणायला लोक हत्यार घेऊन उठले होते. म्हणजे अलाबामातल्या काळ्याला मताचा हक्क, आणि सांतो दोमिंगोतल्या माणसानं दिलेलं मत रणगाड्याखाली. एकच सही, एकच साल. घरात उदार आणि शेजारी दरोडेखोर, या दोन गोष्टी एका माणसात सुखानं नांदतात. आपल्या भोळ्या दोस्तांना हे पचत नाही.

ज्या पोरांकडून आपण १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरवाल्यांना मात्र हे पचलं होतं. १९६६ मध्ये ओकलंडला त्यांनी पक्ष काढला तेव्हा व्हाइट हाउसमध्ये कुणी उजवा बसला नव्हता. हाच जॉन्सन बसला होता. तरी ते पेटले, कारण कायदा झाला तरी पोलिसांचा दंडुका तोच होता आणि बाहेर व्हिएतनाम जळत होतं. आपण त्यांचं नाव घेतलं. ही समज घेतली का?

आता दोस्ताचा हुकमी पत्ता. 'मग १९९४ चं काय? तेव्हा तर अमेरिकी फौजेनं लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाला परत गादीवर बसवलं.'

खरंय. झोपडपट्टीतला पाद्री जाँ-बर्त्राँ आरिस्तिद १९९० च्या डिसेंबरात गरिबांच्या मतांवर निवडून आला. १९९१ च्या सप्टेंबरात लष्करानं त्याला उलथवला. लोक होड्यांतून पळू लागले. बिल क्लिंटननं १९९२ च्या प्रचारात छाती बडवून सांगितलं की या निर्वासितांना समुद्रातून परत पाठवणं क्रूरपणा आहे. निवडून आला, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच जाहीर केलं की परत पाठवणं चालूच राहील. मग १९९४ च्या सप्टेंबरात वीस हजार सैनिक गेले आणि ऑक्टोबरात आरिस्तिद परतला. लोक रस्त्यावर नाचले. त्या नाचणाऱ्यांना मी हसणार नाही. लष्करी गुंडांच्या हातून सुटलेल्या माणसाला सुटकेचा आनंद होणारच.

पण आरिस्तिद एकटा परतला नाही. त्याच्याबरोबर अटींचं बाड आलं. बाजार उघडा करा, सरकारी उद्योग विका, जकात उतरवा. आयात तांदळावरची जकात ३ टक्क्यांवर आली. आधीच्या लष्करशहांनी दार किलकिलं केलं होतंच, आता ते सताड झालं. अमेरिकेच्या सरकारी मदतीवर पिकलेला स्वस्त तांदूळ बंदरात ओतला. हैतीचे लोक त्याला मायामीचा तांदूळ म्हणतात. जो देश बराचसा तांदूळ आपला आपण पिकवत होता तो बहुतेक तांदूळ विकत घेऊ लागला. शेतकरी रान सोडून पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपड्यांत आला, आणि १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला तेव्हा त्याच दाटीवाटीत चिरडला. मार्च २०१० मध्ये क्लिंटननं अमेरिकी सिनेटच्या समितीपुढं कबूल केलं की ती चूक होती, आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचा त्यात फायदा झाला असेल, पण हैतीत पीक घ्यायची ताकद गेली. आर्कान्सा म्हणजे क्लिंटनचं स्वतःचं राज्य, आणि तिथं तांदूळ पिकतो.

दोस्तांनो, ही माफी फार बारकाईनं बघा. उजवा माफी मागत नाही. उदारमतवादी मागतो, सोळा वर्षांनी, गळा दाटून, आणि टाळ्या घेतो. शेत परत येत नाही. त्याच २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतल्या मैल्यातून हैतीच्या नदीत कॉलरा उतरला. दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. माफी आली २०१६ मध्ये. नुकसानभरपाईचा दावा मात्र कोर्टातसुद्धा उभा राहू दिला नाही. १८२५ ला मळेवाल्यांची भरपाई तोफा लावून वसूल झाली होती, हे विसरू नका.

आणि २००४? आरिस्तिदला पुन्हा घालवला, अमेरिकेच्या विमानात बसवून. त्यानं आदल्याच वर्षी फ्रान्सकडं १८२५ च्या खंडणीचे पैसे परत मागितले होते. अमेरिकेत तेव्हा बुश होता, ठीक. पण त्याच वेळी कॅनडाचे सैनिकही पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले, आणि कॅनडात ज्या पक्षाचं राज्य होतं त्याचं नावच लिबरल पक्ष. २०२१ च्या सप्टेंबरात बायडनच्या राज्यात टेक्ससच्या सीमेवर घोडेस्वार शिपाई काळ्या हैतीयनांना हाकलत होते. तो फोटो जगानं बघितला. हजारोंना विमानात कोंबून परत पाठवलं. त्या प्रकाराला अमानुष म्हणत बायडनचा स्वतःचा खास दूत राजीनामा देऊन गेला.

आता कुणी विचारेल, मग काय टोळीवाल्यांच्या हातात मरू द्यायचं का लोकांना? प्रश्न खरा आहे आणि मी तो चुकवणार नाही. २०२४ पर्यंत पोर्ट-ओ-प्रिन्सचा मोठा भाग टोळ्यांच्या हातात गेला होता. त्या टोळ्यांच्या हातातल्या बंदुका बहुतेक अमेरिकेतून, फ्लोरिडाच्या बंदरांतून आल्या. उपकारच करायचा तर आधी आपल्या बंदरावर करा. बंदूक विकणारा आणि शांतता आणणारा एकाच गल्लीतून येत असेल तर मला दोघांचीही झडती घ्यायची आहे.

म्हणून कोणतंही सरकार शेजाऱ्याच्या घरात भल्यासाठी शिरलं, की मी चार प्रश्न विचारतो. तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला गेली? जमिनीचा कायदा कुणासाठी बदलला? रस्त्यावर फुकट कोण राबलं? आणि घरवाला 'आता जा' म्हणाला तर पाहुणा जातो का? या चारांची उत्तरं मिळेपर्यंत शाळा-दवाखान्यांचे फोटो मला दाखवू नका.

हे प्रश्न वॉशिंग्टनला विचारायचे आणि दिल्लीला नाही, असला दुटप्पीपणाही आपल्यात नको. १९८७ साली आपलं सैन्य श्रीलंकेत गेलं ते शांतिसेना म्हणूनच. त्या ऑक्टोबरात जाफन्याच्या इस्पितळात आपल्या जवानांच्या गोळ्यांनी रुग्ण आणि डॉक्टर मेले. १९९० च्या मार्चमध्ये सैन्य परत आलं तोवर हजारावर भारतीय जवानही मेले होते. कुणाच्या शांतीसाठी, हे जाफन्याच्या आईला विचारा आणि इकडं पोराची पेटी उतरवून घेणाऱ्या आईलाही विचारा.

माझ्या दोस्ताला शेवटचं सांगतो. तुला उदारमतवादी आवडतो, कारण तो तुझ्याशी गोड बोलतो, शिष्यवृत्ती देतो, सेमिनारला बोलावतो, तुझ्या कवितेला वा म्हणतो. घे, शिष्यवृत्ती जरूर घे, तो आपला हक्क आहे. पण आपल्या बापजाद्यांनाही कुणी कुणी गोड बोलून सांगितलं होतं, थांबा, अजून तुमची लायकी व्हायचीय, आम्ही तुमचं भलं करतोय. महाडच्या तळ्यावर आपण त्यांची परवानगी घेऊन गेलो नव्हतो. हैतीचा गुलामही १७९१ ला कुणाला विचारून उठला नव्हता. त्याला नंतर जे भोगावं लागलं ते त्याच्या न विचारण्याचीच शिक्षा आहे, आणि ती शिक्षा देणाऱ्यांत उदार माणसांची रांग लांबलचक आहे.

पुढच्या अभ्यासवर्गाला ये. सतरंजी मी अंथरतो. तू पेराल्तचा तो फोटो बघून ये, आणि मग सगळ्यांसमोर मला सांग, त्या फळीला बांधलेल्या माणसाला उजव्याची गोळी आणि उदाराची गोळी यांतला फरक कळला असेल का.

जय भीम.